शार्सीचं उसनं भांडं

प्रिय प्रल्हाद,

तुझ्या साठीनिमित्त मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तुझ्यावर 'चार चांगले शब्द' लिहून द्यावेत, असा फोन आला आणि तो तुझाच होता. स्वतःचा गौरवलेख स्वतःच मागवायचा, तो किती पानी असावा हेही स्वतःच ठरवायचं आणि वर 'आत्या, फोटो मी निवडतो' म्हणायचं, हे तुलाच जमतं. तर चार चांगले शब्द घे: मेहनती, निर्व्यसनी, वक्तशीर, प्रेमळ. मोजून बघ. झाले. उरलेल्या पानांवर मी मला हवं ते लिहिणार आहे. तू मध्येमध्ये तोंड घालशील म्हणून तुला 'तू' म्हणणं इथंच थांबवते. 'तो' म्हटलं की माणूस जरा गप्प बसतो. आणि गोष्ट नंदिनीच्या बाजूनं सांगते, कारण तू ज्या वेळी बोलत असतोस त्या वेळी ती बघत असते. छापलंस तर सगळं छाप. नाहीतर फोटोच मोठा लाव.

तर हा प्रल्हाद. मूळचा नागपूरचा, धरमपेठेतला. वीसेक वर्षांपूर्वी नंदिनीला घेऊन डब्लिनला आला, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचा मॅनेजर झाला आणि ॲडम्सटाउनला स्टेशनजवळ घर घेऊन राहिला. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या. हे काम तो ऑफिसात पगार घेऊन करतो आणि घरी फुकट. त्याच्याकडे लॅमिनेशनचं एक मशीन आहे. नंदिनीला सवत असलीच तर ती तेवढी. बॉयलरवर, डिशवॉशरवर, फ्रीजवर, जिकडे बघावं तिकडे प्लॅस्टिकमध्ये गोठवलेल्या सूचना. मंडळाच्या गणपतीत 'प्रसाद एकदाच घ्यावा' ही पाटी दरवर्षी लागते ना, ती त्याचीच. तिच्यामागे उभं राहून दुसऱ्यांदा मोदक खाणारा माणूसही तोच.

मुलगी रेवा कॉर्कला शिकते. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीतून. बापाबद्दल विचारलं तर म्हणते, "ही इज ग्रँड, आत्याआजी. ऑन म्यूट."

आता मुद्द्याचं. प्रल्हादनं आईचं आयुष्यात फारसं काही ऐकलं नाही. शिळं खाऊ नको म्हणाली, तर हा तीन दिवसांचा पिझ्झा खातो. पण तिची एक शिकवण त्यानं दगडावर कोरल्यासारखी धरून ठेवली: शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. धरमपेठेत वाटीभर काही आलं की वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी असायचं. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर. साखरेचा हा शेवटचा भाग प्रल्हाद विसरला. चिमटीएवढी गोष्ट त्याच्या लक्षात राहत नाही.

ॲडम्सटाउनला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारची ब्रीदा सफरचंदाचा टार्ट घेऊन आली. काचेच्या प्लेटमधून. भली बाई, प्लेट घेऊन जाईन म्हणाली. प्रल्हादनं नेऊ दिली नाही. दोन दिवसांनी नंदिनीकडून चकल्या करवून घेतल्या आणि प्लेट भरून पाठवली. ब्रीदाला वाटलं, ही यांची रीत असेल, आपणही पाळावी. तिनं स्कोन पाठवले. इकडून करंज्या गेल्या. तिकडून ब्राउन ब्रेड. तेव्हापासून ती प्लेट कुंपणावरून ये-जा करते आहे. मध्ये ब्रीदाच्या नवऱ्याला साखरेचा विकार झाला, नंदिनीचा खांदा आखडला, पण प्लेट थांबली नाही. थांबवायची कुणी? दोघींनाही वाटतं, थांबवलं तर समोरची दुखावेल. नंदिनी एकदा म्हणालीसुद्धा, "अहो, मी देऊ का ती प्लेट तशीच धुऊन?"

"रिकामी?" प्रल्हाद असा दचकला की जणू तिनं ब्रीदाच्या घराला आग लावू का विचारलं होतं.

एवढं कळलं की फ्रान्सचं प्रकरण कळायला सोपं.

मंडळातला, किलकेनीला राहणारा डॉक्टर प्रसन्न आणि त्याची बायको शर्वाणी यांनी फ्रान्सच्या नद्यांवर भाड्याची बोट घेऊन फिरायची टूम काढली. तिकडे अशा बोटीला लायसन्स लागत नाही. कंपनीचा माणूस अर्धा तास शिकवतो आणि हातात चावी देतो. प्रल्हादनं पूर्वी शॅनन नदीवर ऑफिसच्या सहलीत एकदा सुकाणू धरलं होतं. फोटोपुरतं. तेवढ्या भांडवलावर तो कॅप्टन झाला. पांढरी टोपी घेतली, सोनेरी दोर लावलेली. शर्वाणीनं ती पहिल्यांदा बघितली आणि तोंडावर रुमाल धरून वळली.

"शिंक आली," ती म्हणाली.

प्रवासाचा आराखडा अर्थातच लॅमिनेटेड. सोन नदीतून वर जायचं, चौदा जुलैला, म्हणजे त्यांच्या राष्ट्रीय सणाला, मोठ्या शहरी पोचून आतषबाजी बघायची, आणि तीच नदी उतरून परत यायचं. बोटीवरचे नियमही वेगळे छापलेले. 'कॅप्टनच्या परवानगीशिवाय सुकाणूला हात लावू नये.' नंदिनीला गाडी उत्तम येते. डब्लिनच्या रिंगरोडवर ती प्रल्हादपेक्षा बरी चालवते. पण सात दिवसांत तिच्या हातात सुकाणू एकदाही आलं नाही. आला तो दोर.

नदीवर ठिकठिकाणी पाण्याची पातळी बदलते. तिथं लॉक असतं. दोन्ही बाजूंना दारं असलेलं सिमेंटचं मोठं कुंड. बोट आत घ्यायची, दोर धरून उभं राहायचं, पाणी वर चढतं किंवा खाली उतरतं, मग पुढचं दार उघडतं. तर सणाच्या आदल्या संध्याकाळी ही मंडळी शार्सी नावाच्या एवढ्याशा गावाखालच्या लॉकपाशी आली आणि लॉकवर लाल दिवा लागला. तो दुसऱ्या सकाळीही लालच. प्रल्हादनं हॉर्न वाजवला. कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, उद्या उघडेल, आज सण आहे.

"सणाच्या दिवशी बंद?" प्रल्हाद फोन ठेवून ओरडला. "लोक सणाच्याच दिवशी फिरतात ना!"

"लॉकवाल्यालाही सण असतो, अहो," नंदिनी म्हणाली.

"आराखड्यात हे नव्हतं."

"आराखडा कुणी केला होता?" प्रसन्ननं विचारलं. डॉक्टर माणूस, दुखरी जागा बरोबर दाबतो.

आतषबाजी हुकली. बाकी तिघांना आतून आनंदच झाला, कारण दिवसभर कुणी सूचना देणार नव्हतं. ते गावात फिरायला गेले. चर्चच्या भिंतीवर संध्याकाळच्या गावजेवणाची जाहिरात होती. कडुलिंबाएवढ्या उंच झाडांखाली लांबच लांब टेबलं मांडायला घेतली होती. प्रल्हादनं जाहिरातीवर फोन धरून भाषांतर वाचून दाखवलं. वेळ, जागा, पाहुण्यांचं स्वागत, नंतर नाच. खालची ओळ बारीक होती. ती वाचायला वाकावं लागलं असतं.

खालच्या ओळीत लिहिलं होतं, आपापली ताटं आणि काटे-सुऱ्या घेऊन याव्यात.

संध्याकाळी सगळं गाव टोपल्या घेऊन आलं. टोपल्यांतून ताटं निघाली, पेले निघाले, इस्त्रीचे रुमाल निघाले. आपले चौघं नटूनथटून, हात हलवत. नंदिनी पैठणी नेसलेली आणि समोर मोकळं लाकडी टेबल. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या कार्यक्रमातल्या चुका दाखवणाऱ्या माणसाला त्या वेळी आकाशातलं काहीतरी फार रोचक वाटायला लागलं.

तेवढ्यात समोरच्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या टोपलीतून चार ताटं काढून यांच्यापुढं सरकवली. मादाम ओदील तिचं नाव. ऐंशीच्या पुढची, चणीनं लहान, आवाज मात्र बाजार उठवेल असा. तिला इंग्रजी येत नव्हतं, नंदिनीला फ्रेंच येत नव्हतं, आणि दोघी रात्रीपर्यंत बोलत होत्या. मादामनं पैठणीचा पदर उलटून मागची वीण बघितली, नंदिनीनं तिच्या रुमालावरचं भरतकाम उलटून बघितलं. मागची बाजू बघणाऱ्या बायकांची ओळख लवकर होते. अकॉर्डियन वाजायला लागल्यावर गावच्या आगबंबवाल्यांनी नाच सुरू केला, मादामनं नंदिनीला ओढत नेलं, आणि नंदिनी पैठणीत नाचली. लग्नात नाचली नव्हती एवढी नाचली. प्रल्हाद खुर्चीवर बसून, नाचणाऱ्यांची रांग कुठून आत यावी आणि कुठून बाहेर जावी, याबद्दल प्रसन्नला सांगत होता.

जेवणाच्या शेवटी मादामनं एक भांडं उघडलं. पांढरं चिनीमातीचं, लंबगोल, खोलगट, कडेला निळी वेल, एका कानाचा टवका उडालेला. आत चेऱ्या घालून भाजलेला गोड पदार्थ. "अंडं असणार," शर्वाणी हळूच म्हणाली. "दिसत नाही ना? मग चालतं," प्रल्हाद म्हणाला आणि दोनदा घेतलं. निम्मं उरलं. मादामनं भांडंच उचलून नंदिनीच्या हातात दिलं. बोटीवर ने, सकाळी खा. मग पुलापलीकडच्या हिरव्या खिडक्यांच्या घराकडे बोट दाखवलं, भांड्याकडे दाखवलं, आणि नंदिनीकडे बघत राहिली.

"देमँ," नंदिनी म्हणाली. उद्या. एवढा एक शब्द ती त्या दिवशी शिकली होती. छातीला हात लावून म्हणाली. टेबलावरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

लक्षात घ्या, हा शब्द नंदिनीनं दिला होता. प्रल्हादनं नाही.

सकाळी तिनं भांडं घासून, पुसून, हातात घेतलं आणि निघाली. प्रल्हाद आडवा आला.

"हे काय, रिकामं?"

"ती वाट बघत असेल. घर दिसतंय तिथनं."

"अगं पण रिकामं भांडं! परक्या देशात! काय म्हणेल ती, हे भारतीय असे?"

"देते म्हटलेलं दिलं, असं म्हणेल."

"शिरा करून ने."

"रवा कुठाय?"

रवा नव्हता. बोटीवर होतं काय, तर नूडल्स, अर्धं पाकीट खाकरे आणि चहा-साखर. गावातलं एकुलतं एक दुकान सणानंतर बंद. नंदिनी म्हणाली, "आई चिमूटभर साखर घालून द्यायच्या. साखर आहे आपल्याकडे."

"ते धरमपेठेत," प्रल्हाद म्हणाला. "इथं आपण देशाचं नाव घेऊन आलोय."

देशानं याला केव्हा पाठवलं होतं, कुणास ठाऊक. पण तेवढ्यात लॉकवरचा दिवा हिरवा झाला, मागं दोन बोटी येऊन थांबल्या, आणि प्रल्हादनं नवा आराखडा जाहीर केला. वरच्या शहरात रवा मिळेल. येताना हाच रस्ता. तेव्हा साजूक तुपातला शिरा भरून, ऐटीत भांडं द्यायचं.

"मी उद्या म्हणाले होते," नंदिनी म्हणाली. "उद्या म्हणजे आज."

"दोन दिवसांनी काय बिघडतं? प्रेझेंटेशन महत्त्वाचं."

बोट लॉकमधून वर चढली आणि पुलाखालून निघाली. हिरव्या खिडक्यांच्या घरापुढं, नदीच्या काठावर, मादाम ओदील उभी होती. अंगावर एप्रन. बोट येताना बघून ती दोन पावलं पुढं आली आणि हात वर केला. ती भांडं घ्यायला आली होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. प्रल्हादनं आनंदानं दोनदा हॉर्न वाजवला, कॅप्टनची टोपी काढून हवेत फिरवली आणि ओरडला, "बाँजूर!"

मादामचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. नंदिनी भांडं पोटाशी धरून मागच्या डेकवर उभी होती. तिला टोपी काढून नदीत फेकावीशी वाटली. टोपीच, असं ती म्हणते.

वरच्या शहरात रवा मिळाला, तूपसुद्धा मिळालं. परतीच्या वाटेवर सकाळी नंदिनीनं शिरा केला, वरून बदामाचे काप लावले, भांडं काठोकाठ भरलं. शार्सी तासाभरावर आलं होतं. आणि वेळ वाचवायला म्हणून प्रल्हादनं नदीतल्या खुणांचे लाल-हिरवे तरंगते गोळे सोडून वळणाच्या आतल्या बाजूनं बोट घातली.

"तिकडे उथळ आहे, प्रल्हादराव," प्रसन्न म्हणाला.

"शॅननवर असंच करतात."

शॅननवर असं कुणीही करत नाही. बोट चिखलात रुतली ती इतकी शांतपणे, की प्रल्हाद आणखी थोडा वेळ सुकाणू फिरवत होता. कंपनीचा माणूस दुपारी दुसरी बोट घेऊन आला, एकदा टोपीकडे बघितलं, आणि दोर बांधून यांना ओढत निघाला. त्याच दिवशी संध्याकाळचं विमान होतं. तर अशी ही वरात शार्सीत परत आली: पुढं ओढणारी बोट, मागं ओढली जाणारी, सुकाणूवर रिकामाच बसलेला कॅप्टन, आणि डेकवर दोन्ही हातांत शिऱ्याचं भांडं घेऊन उभी असलेली नंदिनी. उन्हाची वेळ. हिरव्या खिडक्या सगळ्या लावलेल्या. नंदिनीनं "मादाम!" म्हणून हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ती तिची तिलाच ऐकू आली नाही.

लॉकमध्ये बोट थांबली. पाणी उतरायला थोडा वेळ लागतो.

"मी धावत जाऊन देऊन येते," नंदिनी म्हणाली.

"तुझा दोर मी धरतो, जा," प्रसन्न म्हणाला.

प्रल्हादनं भांड्याला हात लावून बघितलं. "हा तर गार झालाय. गार शिरा देणार तू? शोभतं का?"

नंदिनी त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं असं. तेवढ्यात बोट कठड्याच्या खाली गेली आणि दार उघडलं.

शिरा कंपनीच्या माणसानं खाल्ला. त्याला गारच आवडला. बोटं चाटून खाल्ला. भांडं प्रल्हादच्या फ्लीसच्या जाकिटात गुंडाळून ॲडम्सटाउनला आलं आणि स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे भिंतीतल्या कपाटात, वरच्या फळीवर बसलं.

कुरियर करा, असं नंदिनी ऑगस्टभर सांगत होती. करतो म्हणाला. पण रिकामं कसं पाठवायचं? लाडू पाठवावेत तर उन्हाळ्यात तूप सुटेल. चिवडा पाठवावा तर हिंदकळून चुरा होईल. वड्यांवर चर्चा झाली. नंदिनी पत्ता शोधत होती, हा मेन्यू. ती रात्री जेवताना म्हणायची, "ती चोर समजत असेल आपल्याला." तो म्हणायचा, "छे गं, टोपी बघितलीय तिनं."

मग गणपती आले. ॲडम्सटाउनच्या हॉलमध्ये मखर, सतरंज्या, पाट्या. त्या वर्षी प्रल्हादचं स्लाइडसह व्याख्यानही होतं, 'फ्रान्स: नदी, नौका आणि नियोजन'. चिखलाची स्लाइड नव्हती. नंदिनी आरतीचं तबक घेऊन मखरापाशी आली आणि थबकली. गणपतीपुढं मोदकांनी भरलेलं पांढरं भांडं होतं. निळी वेल, उडालेला टवका. आणि त्याला टेकवून एक कार्ड, लॅमिनेटेड: 'शार्सी (फ्रान्स) येथील ग्रामस्थांकडून सप्रेम भेट.'

सूत्रसंचालन शर्वाणीकडे होतं. नंदिनीनं तबक खाली ठेवलं आणि तिच्या हातातला माइक घेतला. नंदिनी मंडळात आजवर माइकवर कधी बोलली नव्हती. तिला वाटलं आपला आवाज कापेल. कापला नाही.

"एक दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "हे भांडं भेट नाही. उसनं आहे. एका म्हाताऱ्या बाईनं माझ्या शब्दावर दिलं, मी दुसऱ्या दिवशी देते म्हणाले, आणि आम्ही तिच्या दारावरून हॉर्न वाजवत ते घेऊन आलो."

मागच्या खोलीतल्या कुकरची शिट्टी झाली. मग पोरांच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "सो, कॅन वी स्टिल हॅव द मोदक्स?"

घरी जाताना गाडीत प्रल्हाद बराच वेळ गप्प होता, ही त्या दिवसातली दुसरी अपूर्व घटना. मग म्हणाला, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"चारचौघांतच घेतलं होतं मी ते," नंदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं ओट्यावर पडलेली ब्रीदाची प्लेट धुतली, पुसली आणि कुंपणाशी जाऊन दिली. रिकामी. ब्रीदानं प्लेट घेतली, उलटी करून बघितली, मग नंदिनीकडे बघितलं. डोळे भरून आले होते तिचे.

"थँक गॉड, नंदिनी," ती म्हणाली. "थँक गॉड." आणि चहाला आत बोलावलं. चहाबरोबर काहीही नव्हतं. दोघींनी नुसता चहा घेतला आणि मनसोक्त गप्पा मारल्या.

राहता राहिलं शार्सीचं भांडं.

प्रल्हादची आत्या लेटरकेनीला डॉक्टर मुलाकडे राहते. तिची नात स्वानंदी लियोंला शिकायला आहे, आणि वसंतात आत्या तिच्याकडे निघाली होती. तिथून शार्सी आगगाडीनं जवळ. नंदिनीनं फोन केला. "आत्या, न्याल का? रिकामं न्या. मी दोन ओळी लिहून देते, स्वानंदी भाषांतर करील. माझा शब्द आहे हो तो."

नेईन म्हटलं. ठरलं असं की लेटरकेनीच्या बसनं आत्यानं डब्लिन विमानतळावर यायचं, आणि प्रल्हादनं ऑफिसला जाता जाता भांडं आणून द्यायचं. नंदिनीनं आदल्या दिवशी ते टॉवेलात गुंडाळलं, चिठ्ठी खोचली, पिशवी स्वतः गाडीत नेऊन ठेवली.

सांगितल्या वेळेला प्रल्हाद दारात हजर. वक्तशीर, वर म्हटलंच आहे. हातात स्टीलचा भलामोठा डबा.

"भांडं?" आत्यानं विचारलं.

"आत्या, आधी ऐकून घे. रात्री बसून मी स्वतः बेसनाचे लाडू केले. नंदिनीला पत्ता नाही. पण लाडू आणि भांडं मिळून तुझ्या बॅगेचं वजन जास्त होतं. मग मी प्राधान्यक्रम ठरवला."

"आणि लाडू पहिले आले?"

"रिकामं भांडं बरं दिसत नाही गं."

"आणि भांड्याशिवाय लाडू बरे दिसतात? त्या बाईच्या दारात उभी राहून मी सांगू काय?"

"सांग, भांडं मागाहून येतंय."

आत्याचं वय झालं आहे, पण हात अजून चालतो. तो तिनं मोठ्या प्रयासानं पर्सच्या पट्ट्याभोवती गुंडाळून ठेवला. डबा ट्रॉलीवर ठेवला, ट्रॉली प्रल्हादकडे ढकलली आणि आत निघून गेली. लियोंला आठवडाभर राहिली. शार्सीला गेली नाही. हात हलवत जाणारी माणसं त्या गावानं आधीच बघितलेली होती.

येत्या चौदा जुलैला स्वतः बोट घेऊन जातो आणि सन्मानानं देतो, असं तो तेव्हा म्हणाला होता. तो जुलै आला आणि गेला. त्या दिवशी मंडळाच्या क्रिकेटचं वेळापत्रक लॅमिनेट व्हायचं होतं. स्वानंदी मात्र मैत्रिणींबरोबर सहज शार्सीच्या जेवणाला जाऊन आली. हिरव्या खिडक्या उघड्या होत्या, म्हणाली. बाई खणखणीत आहे. जेवणानंतर आपली भांडी मोजून टोपलीत भरत होती.

हे मी नंदिनीला फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, त्या फळीपर्यंत माझा हात पोचत नाही, पण मी स्टूल घेते." म्हणून मागच्या आठवड्यात तुला फोन केला, प्रल्हाद, की शनिवारच्या बसनं मी ॲडम्सटाउनला येते, भांडं न्यायला. दिवाळी झाली की पुन्हा लियोंला जायचंच आहे.

तू म्हणालास, "ये की, आत्या. पण आत्ता ते रिकामं नाहीये."

"काय आहे त्यात?"

"हॉलच्या किल्ल्या," तू म्हणालास. "आणि लॅमिनेशनची पाकिटं. दिवाळीचा कार्यक्रम होईपर्यंत राहू दे."

शनिवारची बस मी जाऊ दिली. भांडं अजून तुझ्याकडेच आहे.